मंद प्रोसेसरचे उपकार

मिल्वॉकीतल्या गेमदुरुस्तीच्या दुकानात रॉस्को आपला जुना व्हिडिओ गेमचा कन्सोल काखोटीला मारून रांगेत उभा होता. पुढे एक जोडपं होतं.

“तीस वर्षं तुझं एकच रडगाणं, वर्लिन. प्रोसेसर मंद, म्हणून मी हरतो!”

“हळू बोल, डार्ला.”

“आता वाढवलास ना वेग?”

“आता शत्रू एकदम अंगावर येतात गं.”

“पूर्वी काय कॉफी पीत थांबायचे?”

“पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली की मशीन अडखळायचं. तेवढ्यात उडी मारता यायची.”

“म्हणजे ते बिचारं तुला सांभाळून घेत होतं!”

“शनिवारी तुझ्या भावाशी सामना आहे. त्याआधी पुन्हा मंद करून घेतो.”

“दुकानदाराला काय सांगणार?”

“मशीन बिघडलंय.”

त्यांचं आटोपल्यावर रॉस्कोचा नंबर लागला. दुकानदाराने विचारलं,

“तुम्हीच फोन केला होता; प्रोसेसरचा वेग वाढवून हवा होता ना?”

“छे! नुसती धूळ झटकून द्या.”