दिव्याला तेल देणारी

जयवंताबाई : म्हनजे ते पुस्तक मले परत भेटनार नाही?

वामनराव : एकदा अदालतीत दाखल झालं की ते खटल्याच्या मिसलीत जातं, बाई. तिथून ते बाहेर येत नाही. आणि निकाल आपल्या बाजूनं लागला, तर बाजारातल्या बाकीच्या प्रतीही जप्त होतील. तुम्हाला खोटं सांगून नेणारा वकील नाही मी.

जयवंताबाई : पानी घ्या आधी. आदिलाबादेहून वांकिडीपर्यंत हाडं खिळखिळी करत आले, अन् टेकले नाही तोवर देवघरातलं पुस्तक मागून राह्यले!

महिपत : देवघरात ठेवलं तुमी?

जयवंताबाई : मंग काय चुलीपाशी ठेवू, महिपतभाऊ? माह्यं नाव छापलं हाय त्याच्यात. शेजारच्या आशाबाईच्या जावयानं जत्रेतून आनलं. वाचता वाचता थांबला, मने, मावशी, हे त तुमी! मी मनलं, माही थट्टा नको करू बापा. त्यानं माह्यं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. मले अक्षर येत नाही, पन ते जागा आता बराबर कळते. रोज दिवा लावला का बोट ठेवते तिथं.

वामनराव : त्याच जागेसाठी आलोय आम्ही. या पुस्तकापायी काय घडलं, ते कानावर आलं असेल तुमच्या.

जयवंताबाई : भाऊची दंडार बंद केली, एवढं आयकलं. दिवाळी गेली, पन कुठं ढोलकी नाही, सोंग नाही. गाव कसं मुकं मुकं वाटलं.

महिपत : बंद मंजे कशी, बाई. जैनथच्या पारावर आमी तोंडं रंगवून उभे. सोनफुला राणीचं लुगडं नेसून माहा भाचा तयार. अन् चपराशी मनाई हुकूम घेऊन आला. मने, ‘राणी सोनफुलेची दंडार’ हैदराबादच्या नरसिंगराव छापखानेवाल्याची हाय. त्याच्या परवानगीबिगर एक ओळ गायची नाही. माही दंडार, बाई! ढोरामागं फिरता फिरता जुळवलेली. सोनफुला रानात एकटी पडते तवाचं रडनं मले जमेना. माही बायको रुख्मिणी मने, अहो, बाई अशी नाही रडत, थांबा, मी सांगते. तिनं सांगलं अन् मी बांधलं. ती गेली. तिचं तेवढंच राह्यलं माह्यापाशी. अन् आता ते गायलो त मी चोर.

वामनराव : नरसिंगराव म्हणतात, दंडार मी स्वतः रचली, पुस्तक छापून सरकारात नोंदवलं, आणि महिपतनं पुस्तकातून उचलली. मी सांगितलं, महिपतला अक्षरओळख नाही. त्यांचे वकील म्हणाले, कोणीतरी वाचून दाखवलं असेल. गावचे साक्षीदार उभे केले, तर म्हणाले, हे सगळे याच्याच मेळ्यातले नाचे, हे याचंच गाणार.

जयवंताबाई : मंग माह्या नावाचा काय संबंध?

महिपत : तुमाले ते दंडार आठवते? इथं, वांकिडीले. वारा सुटला होता.

जयवंताबाई : न आठवाले काय झालं! सोनफुला रानात, अन् अर्धे दिवे गेले. मशालजी मने, तेल सरलं. लोकं चटया गुंडाळून उठून राह्यले. मी घरात धावले अन् जवसाच्या तेलाची चरवी आनली.

महिपत : आमची रीत हाय. दंडार संपली का त्या दिवशी दिव्याले तेल देनाराचं कडवं गायचं. उभ्या उभ्या जुळवाचं. ज्या गावी ज्याचं तेल, त्याचं नाव. दुसऱ्या गावी दुसरं नाव. तुमचं कडवं मी... गात नाही, नुसतं सांगतो. गायले मनाई हाय.

वारा विझवी दिव्याले, तेल सरलं राती,
जयवंताबाई वांकिडीची, चेपकी चरवी हाती.

जयवंताबाई : तेच. तेच छापलं हाय.

महिपत : ते मी एकदाच गायलो, बाई. त्या दिवशी, इथं. पुन्हा कुठंच नाही.

जयवंताबाई : एकदाच?

महिपत : एकदाच.

वामनराव : आलं लक्षात? त्या दिवशी नरसिंगरावांचा माणूस लोकांत बसून सगळं उतरवून घेत होता. आभाराचं कडवंही त्यानं उतरवलं. ही तुमच्याकडची रीत नरसिंगरावांना कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं, हे कथेतलंच. मागच्या पेशीला मी आपलं सहज विचारलं, रावसाहेब, शेवटी ही जयवंताबाई येते, ती कोण? छाती काढून म्हणाले, राणी सोनफुलेची थोरली जाऊ. काल्पनिक पात्र.

जयवंताबाई : अगं बाई! राणीची जाऊ? मी?

वामनराव : काल्पनिक.

जयवंताबाई : मी काल्पनिक? माह्या पायाच्या भेगा पायल्या नाहीत वाटते त्यानं! कापूस येचता येचता बोटं सोलून निघाले, अन् हा मले काल्पनिक मनते!

वामनराव : म्हणूनच म्हणतो, तुम्ही अदालतीत येऊन उभ्या राहा. पुस्तक बरोबर आणा. एवढं केलंत, की महिपतची दंडार महिपतला मिळते.

जयवंताबाई : अन् माह्यं पुस्तक मिसलीत जाते.

वामनराव : हो.

जयवंताबाई : वकीलसाहेब, तुमाले लेकरं हायेत?

वामनराव : आहेत. दोन मुली, एक मुलगा.

जयवंताबाई : मले नाही. धनी गेले. माणिकराव भाऊजीची पोरं गोड हायेत, पन त्याईच्या तोंडी मी काकू. माह्यं नाव जयवंता हाय हे त्याईले ठाऊक तरी हाय का, देव जाने. माह्या मागं माह्यं नाव घेनारं कोनी नाही. अन् ते नाव आपल्या पायानं चालत जाऊन कागदावर बसलं. मी काई मागाले गेलती का? आता तुमी मंता, ते पुसून टाका.

महिपत : साहेब, उठा. चला.

वामनराव : महिपत!

महिपत : नाही साहेब. सगळे उठून चालले होते, तवा या बाईनं आमच्या दंडारीले उजेड देल्ला. तिच्या देवघरातला उजेड मी काढून नेऊ? माह्यानं नाही होनार.

वामनराव : अरे, दुसरा पुरावा नाही आपल्याजवळ!

महिपत : नसला त नसला. कापूस हाय, जवारी हाय. दंडारीबिगर मानूस मरत नाही.

जयवंताबाई : बसा खाली, भाऊ. तोंड पाहा कसं झालं, अन् मने मरत नाही! बसा मनलं ना. ते रानातलं रडनं... ते रुख्मिणीबाईचं होय?

महिपत : होय.

जयवंताबाई : काऊन आनली मी चरवी, ठाऊक हाय? धर्म कराले नाही. धनी गेले तवा घर पाहुन्यांनी भरलं होतं. भाकरी थापा, च्या ठेवा, याले पानी द्या, त्याले पानी द्या. मले रडाले सवडच झाली नाही. अन् मंग वरीसभरानं तुमची सोनफुला रडाले लागली. अशी रडली, का मी पदर तोंडात धरला. अन् तेल सरलं! मले पुढचं आयकाचंच होतं. मनून धावले मी. दिवे लागले, अन् सगळ्याईच्या मंधात बसून मी पोटभर रडून घेतलं. कोनाले कळलं नाही. सगळे सोनफुलेसाठी रडून राह्यले होते.

महिपत : बाई...

जयवंताबाई : तवापासून झोप लागते मले. अन् हे तुमच्या बायकोचं देनं हाय, हे आज समजलं. थांबा, आनते पुस्तक. वकीलसाहेब, पेशी कवा हाय?

वामनराव : येत्या सोमवारी. पण माणिकरावांना विचारायला नको? बाईमाणसानं कचेरीत जायचं म्हणजे...

जयवंताबाई : भाऊजीले काय इचाराचं? मी सांगीन, बैल जुपा. अन् ते चरवीही घेते संगं.

वामनराव : चरवी कशाला?

जयवंताबाई : राहू द्या. माह्या माहेरची हाय.

(कापूस निघाल्यावर. तीच ओसरी, दिवेलागणीची वेळ. दुरून ढोलकी तापवल्याचा आवाज.)

वामनराव : मुन्सफसाहेब अजून हसतात, बाई. परवा मला म्हणाले, वकीलसाब, वो रानी की जेठानी कैसी है?

जयवंताबाई : काय वाईट बोलले मी? त्याच्या वकिलानं इचारलं, जयवंताबाई नावाच्या बाया ढीगभर असतात, पुस्तकातली तूच कशावरून? मी मनलं, दादा, मी राणीची जाऊ असते त तेल दासीच्या हाती चांदीच्या घागरीत धाडलं असतं. चेपकी चरवी घेऊन धावले नसते. अन् ठेवली चरवी समोर. माह्या लग्नाच्या वरातीत गाडीतून पडली, तवाची चेप हाय. पाहा मनलं, हे बी काल्पनिक हाय का!

वामनराव : आणि माझी सगळी कलमं, सगळी तयारी बस्त्यातच राहिली! पेशकार लिहायचा थांबला. चेपकी चरवी उर्दूत कशी लिहावी, हेच त्याला कळेना.

महिपत : नरसिंगराव लई वेळ त्या चरवीकडं पाहत बसले होते.

वामनराव : निकालानंतर आले माझ्याकडे. म्हणाले, माझ्या माणसानं स्वतःची रचना म्हणून विकली मला, आणि मी ती माझी म्हणून छापली. दोघांचंही चुकलं. आता पुस्तक नव्यानं छापतो म्हणतात, महिपतच्या नावानं. पहिल्या पानावर काय हवं, तेही विचारलं.

महिपत : मी मनलं, आधी रुख्मिणीचं नाव टाका. तिच्याखाली माह्यं.

जयवंताबाई : बेस केलं, भाऊ. लई बेस केलं.

महिपत : अन् शेवटच्या पानावर तुमचं कडवं. जसं होतं तसंच. मनूनच आलो मी. तुमच्या देवघरातून नेलेलं तुमाले परत कराचं हाय. हे उपकार माह्यानं फिटाचे नाहीत, बाई. पन नाव तरी परत देतो.

जयवंताबाई : नको.

महिपत : नको? काऊन?

जयवंताबाई : उद्या जैनथले तुमी दंडार कराल. तिथं समजा कुसुमबाईनं तेल देल्लं. अन् लोकं पुस्तकात वाचतील, तेल जयवंताबाईचं. कुसुमबाईनं का घोडं मारलं कोनाचं? तुमची रीत काय? ज्याचं तेल, त्याचं नाव. ते मोडाची नाही. माह्यासाठी त नाहीच नाही.

वामनराव : मग त्या पानावर छापायचं तरी काय?

जयवंताबाई : कडवं छापा. नावापुरती जागा कोरी सोडा. ज्या गावी ज्या बाईचं तेल, तिचं नाव तिथं गायचं.

वामनराव : नरसिंगराव म्हणतील, छापखाना जागा कोरी सोडायला थोडाच घातलाय!

जयवंताबाई : त्याईले मना, राणीची थोरली जाऊ सांगते.

महिपत : पन बाई, तुमी मनलं होतं ना... तुमच्या मागं नाव घेनारं कोनी नाही.

जयवंताबाई : मनलं होतं. पन त्या दिवशी कचेरीच्या दारात चपराशी उभा राह्यला, अन् हा मोठा गळा काढून ओरडला, जयवंताबाई हाजिर है! एकदा नाही, तीनदा. सगळी कचेरी वळून पाहे. मले सासरी येऊन इतके वरीस झाले, भाऊ, पन कोनी मले माह्या नावानं हाक मारली नव्हती. मी त पयल्या हाकेलेच उभी राह्यले होते. पन पुढं गेले नाही.

वामनराव : म्हणून उशीर झाला होय! मला वाटलं, घाबरलात.

जयवंताबाई : घाबरते कशाची. आयकत होते.

महिपत : सांगतो नरसिंगरावाले, जागा कोरी सोडा. पन बाई, तुमचे उपकार...

जयवंताबाई : बोलू नका, गा. तुमच्यानं अन् रुख्मिणीबाईनं मले रडू देल्लं, अन् या वकीलसाहेबानं मले नावानं बलावलं. उपकार असतील त ते तुमचे हायेत माह्यावर. माणिकराव भाऊजी बी सुधरले बरं का. काल पोराईले सांगत होते, काकू मनून नका ओरडू नुसतं, जयवंताकाकू मना.

वामनराव : ढोलकी वाजायला लागली. महिपत, तुला रंगायचं नाही का अजून? मी खास दंडार पाहायला मुक्काम केलाय. मनाई उठल्यावरची पहिलीच आहे ही.

महिपत : निघतोच. पन बाई, मशालजी मघापासून इचारून राह्यला. कडवं जुळवाले मले बी ठाऊक पाहिजे. आज दिव्याले तेल कोनाचं?

जयवंताबाई : जरा सरका, भाऊ. चरवी तुमच्याच मागं हाय. दुपारपासून भरून ठेवली मी.