शेषाद्रींचा पिवळा बाण

नाही, मला सांगा, माणसाने वाट विचारायचीच नाही का? शेषाद्री म्हणतात, बाण होते की हो, खडकाखडकावर पिवळे बाण रंगवलेत आम्ही! हे शेषाद्री म्हणजे आमच्या चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या पायी फिरणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. जवादूच्या डोंगरांतून लांबलचक पायवाट आखलीय त्यांनी. तिचा तिसरा टप्पा त्या दिवशी आम्ही चालत होतो, मी आणि आमची अलकनंदा. आता तुम्हाला सांगतो, अध्यक्षाने रंगवलेला बाण म्हणजे सरकारी पत्रक. उभा जन्म बातमीदारीत गेलाय माझा, मी पत्रकावर विश्वास ठेवीन? फाट्यावर बाण होता डावीकडे. शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी पेपरचं ओळखपत्र दाखवून विचारलं, तो म्हणाला, उजवीकडे. पुढे एक बाई चिंचा वेचत होती, तिलाही ओळखपत्र दाखवलं, तीही म्हणाली, बरोबर आलात सार, असेच सरळ खाली. दोन ठिकाणी विचारून खात्री केली होती!

अलकनंदा म्हणत होती, परत फिरा. हिला मधुमेह, आणि बिस्किटं, ग्लुकोज, सगळं शेषाद्रींच्या गाडीतून मुक्कामाला पोचलेलं... का, तर अंगावर ओझं न घेता चालायचं, हा अध्यक्षांचा नियम. वाट संपेना, फोनला रेंज नाही, आणि चालता चालता हिचं माझ्याशी भांडणं एकदम थांबलं. संसारात मी भितो ते एवढ्याच गोष्टीला. हात धरला तर गार, घामाने ओला, साखर उतरलेली. म्हटलं, बोल ना काहीतरी, मला मूर्ख म्हण... ती नुसती बघत राहिली. तिला खांद्याला धरून उतरवताना मी मोठमोठ्याने स्वतःलाच बजावत होतो, दोन ठिकाणी विचारून खात्री केली होती, दोन ठिकाणी...

खाली चार घरांची वाडी. तिथल्या तुळसी नावाच्या बाईने एक प्रश्न न विचारता हिला पायरीवर बसवलं आणि बोटाबोटाने मध चाटवला. मी उभाच... किती वेळ गेला कोण जाणे. मग अलकनंदा हळूच म्हणाली, "बाण डावीकडे होता." वाचलो हो!

तेवढ्यात तो शेळ्यांवाला म्हातारा आडवाटेने हजर. मी उसळलो त्याच्यावर, मुद्दाम चुकवलंस आम्हाला? तर शांतपणे म्हणतो, "चुकवलं कुठे, सार? तुम्ही पेपरवाले. पेपरवाल्याने बघायचं ते इकडेच आहे." आणि बोट भिंतीला टेकवलेल्या बांबूच्या डोलीकडे. इथे ॲम्ब्युलन्स येत नाही, आजारी माणसाला तिच्यात घालून डोंगर उतरवतात. मी अजूनही म्हणतो, ही फसवणूक आहे, दोन ठिकाणी विचारून... पण ऐकतं कोण? मघाशी जिच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं, ती आमची अलकनंदा माझ्या नावाने अख्ख्या वाडीला वचन देऊन बसली होती. येत्या रविवारी हे परत येतील, फोटोग्राफरला घेऊन, डोंगर चढून.

म्हटलं, ठीक आहे, येतो. तू असशील ना बरोबर?

तर म्हणते कशी, "अहो, मला मधुमेह आहे."