दोन बाळंतपणं, दोन्ही जिवंत

मी मूळची जवळा बाजारकडची. तिथून आत गेलं की आमचं गाव, बाप जिनिंगमधी सरकीची पोती उचलायचा, माय लोकाच्या वावरात जायची, आन् आमी चार बहिणी, त्यात मी तिसरी, आन् मला लहानपणापासून एका जागी बसवत न्हाई. माय म्हणायची ह्या पोरीच्या पायात काय भरलंय की. आता बघा, तुमच्याशी बोलून राहिले तर हातात ही तूर निवडायला घेतली, न्हाईतर मी आत्तापस्तोर चारदा उठले असते, मोबाईल बघून आले असते. मोबाईलात आता काई यायचं न्हाई, जे यायचं ते आलं, तरीबी हात जातो. सवय लागली ना. दीड वरीस झालं, सकाळी उठलं की दात घासायच्या आदी ते ईमेल उघडायचं.

बारावी झाल्यावर परभणीला नर्सिंग केलं. बाप म्हणला, सुया टोचायच्या तर टोच, पण लोकाच्या वावरात जाऊ नको. मग हिंगोलीला एका खासगी दवाखान्यात लागले, बाळंतपणाच्या वॉर्डात. तिथंच हे होते, मिलिंद, रक्त तपासायचे. ह्यांच्याबद्दल काय सांगू तुमाला, मानूस शांत, मी दहा वाक्यं बोलले की हे एक बोलणार आन् तेच बराबर निघणार. लग्न झालं. ह्यांचं घर गोरेगावचं. घरी थोरले भाऊ आन् त्यांची बायको शेती बघतात, हळद, सोयाबीन. ती माझी जाऊ, तिला मी अक्का म्हणते. खरं सांगायचं तर ही समदी गोष्ट माझी कमी आन् अक्काचीच जास्त हाय.

अक्काला लेकरू न्हाई. बारा वर्षं दवाखाने केले, मीच नेलं दोन-तीनदा, काई झालं न्हाई. माझी थोरली प्रेरणा झाली तवा मला ड्यूट्या, कवा दिवसाची कवा रातची, तर अक्कानं तिला गोरेगावात सांभाळलं, तीन वर्षं. मग शाळेसाठी मी तिला हिंगोलीला घेऊन आले. मी जीपमधी बसले, प्रेरणा मांडीवर, आन् अक्का फाट्यावर उभी, तिच्या हातात पोरीची बाटली ऱ्हाऊन गेली होती. ती बाटली द्यायचं तिच्या ध्यानात आलं न्हाई आन् मागायचं माझ्या.

म्हणून दुसऱ्या खेपेला माझ्या तोंडून निघून गेलं. कोणी मागितलं नव्हतं. बाळंतपण आमच्याच दवाखान्यात, अक्का डबा घेऊन आलेली, बाळ पुसून तिच्याकडं दिलं आन् मी पडल्या पडल्या म्हणलं, अक्का, ही तुमची. मिलिंदला विचारलंबी न्हाई, ते दाराबाहेर उभे. मी अशीच हाय, बोलायची घाई आन् मग वर्षभर त्याच्यावर कुढायचं. मिलिंद नंतर एवढंच म्हणले, तू तर बोलून मोकळी झालीस.

आमच्याकडं भावाला लेकरू देणं काई नवं न्हाई. त्याला कोर्ट लागत न्हाई, वकील लागत न्हाई. बारशाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, गल्लीतल्या बाया बसल्या, मी लेकरू उचलून अक्काच्या पदरात घातलं, अक्कानं माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, झालं. तिचं नाव पल्लवी ठेवलं. तीन महिने मी गोरेगावात ऱ्हाऊन तिला अंगावर पाजलं, पण समदे तिला सांगायचे, काकूकडं जा, काकू पाजल. शाळेत बाप म्हणून थोरल्या भावाचं नाव लागलं, आधारलाबी तेच, रेशनकार्डातबी तेच. फकस्त जन्माचा दाखला दवाखान्यानं कळवल्याप्रमाणं निघाला होता, त्याच्यावर मी आन् मिलिंद. तो पेटीत पडून ऱ्हायला. कोणाला त्याची गरजच पडली न्हाई.

नंतर मी मस्कतला गेले, चार वर्षं केली तिथं. तिथल्या केरळच्या पोरी जेवताना एकच बोलायच्या, कॅनडा. तिकडं नर्सा कमी, अनुभव असला की कायमचं ऱ्हायची परवानगी देतात, नवरा लेकरं समद्यांना. पीआर म्हणतात त्याला. मला वाटलं आपुनबी करावं. काहून करावं म्हणता? मला वाटायचं, इथं आडनाव विचारून मग खुर्ची देतात, तसं प्रेरणाचं होऊ नये. आन् दुसरं म्हणजे मला बसवत न्हाई. ते मी सांगितलंच.

परत आले, इंग्रजीची परीक्षा दिली, लिहिण्यात नापास झाले, फिरून दिली, पास झाले. प्रमाणपत्रं तिकडं तपासायला धाडली. नांदेडला एक एजंट धरला. फॉर्म भरताना एक रकाना आला, लेकरं किती, समदी लिहा, सोबत येणारी लिहा, न येणारी लिहा, दुसऱ्याकडं असलेलीबी लिहा. मी थांबले. एजंटाला सांगितलं असं असं हाय. तो म्हणला, मॅडम, शाळा तिची दुसऱ्याच्या नावानं, आधार दुसऱ्याच्या नावानं, तुमी काहून गुंता करता, एक मुलगी लिहा. मिलिंद म्हणले, विचार कर. मी कशाचा विचार करते, मी मान हलवली. एक लिहिलं.

मग पुण्याला वैद्यकीय तपासणी. डॉक्टरीणबाई समोर, कागद समोर, ती विचारून राहिली, शुगर हाय का, बीपी हाय का, ऑपरेशन झालं का, मी उत्तरं देऊन राहिले. तिनं विचारलं, बाळंतपणं किती? आन् मी म्हणलं, दोन, दोन्ही नॉर्मल, दोन्ही जिवंत. आता हसा तुमी मला. पंधरा वर्षं मी ह्या जिल्ह्यातल्या बायांना हेच विचारत आले, बाई बाळंतपणं किती, नॉर्मल का सिझर, जिवंत किती. हे उत्तर चुकवायचं नसतं, चुकलं तर बाई मरते, हे आमाला परभणीला पहिल्या वर्षाला शिकवलेलं. ते माझ्या तोंडात इतकं बसलेलं की खोटं बोलायचं ध्यानातच आलं न्हाई. जिना उतरून खाली आले तवा ध्यानात आलं, फॉर्मात तर एकच लिहिलंय. मिलिंदला सांगितलं. ते म्हणले, चल, चहा पिऊ.

दोन महिन्यानं पत्र आलं. तुमच्या अर्जात एक मूल, तपासणीत दोन, महिनाभरात खुलासा करा. न्हाई केला किंवा खोटा केला तर अर्ज बाद, आन् पुढची काई वर्षं करताबी येणार न्हाई. एजंटाकडं गेले. तो म्हणला, सोपं हाय मॅडम, लिहा दुसरं लेकरू वारलं, मृत्यूच्या दाखल्याचं मी बघतो.

वारलं. मी त्याच्या टेबलावरून माझी फाईल उचलली आन् निघाले. थेट गोरेगाव. सेनगावला जीप बदलली, जीप भरंना, मी त्या डायवरला तीनदा म्हणलं, बाबा निघ की.

अक्का अंगणात शिजवलेली हळद पसरवून राहिली होती, कोपरापस्तोर पिवळी. पल्लवी शाळेत. मी उभ्या उभ्या समदं सांगून टाकलं, फॉर्मचं, डॉक्टरणीचं, एजंटाचंबी. अक्का ऐकत ऐकत हळद सारत होती. वारलं म्हणल्यावर हात थांबला. म्हणली, माझ्या लेकराला कागदावरबी मारायचं न्हाई.

मी म्हणलं, मग खरं लिहावं लागल, मी जन्म दिला आन् तुमाला दिली असं. पण अक्का, एक सांगते, नंतर म्हणू नका लपवलं. आज तिचं नाव लिहिलं न्हाई तर मला तिला कवाच तिकडं बोलावता येणार न्हाई, आन् लिहिलं तर माझा हक्क ऱ्हातो. कवाबी बोलावता येते, ती मोठी होईपस्तोर. अक्का म्हणली, तुला ऱ्हावा वाटते का तो हक्क? काय सांगू तुमाला. मी व्हय म्हणलं न्हाई, न्हाईबी म्हणलं न्हाई. अक्कानं हात पुसले, म्हणली, लिही. खरं लिही. चहा ठेवते.

पत्र मीच लिहिलं, एजंटाशिवाय. ज्या इंग्रजीत नापास झाले होते त्याच इंग्रजीत. आमच्याकडं भावाला लेकरू देतात, त्याचा कागद करत न्हाईत, मी चुकले, लपवायला नको होतं, असं लिहिलं. जन्माचा दाखला पेटीतून काढून जोडला. उत्तर आलं की त्या मुलीचीबी तपासणी करा, ती येवो न येवो.

म्हणजे पोरीला सांगणं आलं. अक्का म्हणली मी सांगते. वेणी घालता घालता सांगितलं, मी सैपाकघरात, कान तिकडं. पल्लवी म्हणली, मला माहीत हाय, शाळेतल्या पोरी केव्हाच्या म्हणतात. घ्या. अकरा वर्षं आमी दोन घरांनी जपलं आन् गावातल्या समद्या लेकरांना ठाऊक. मग तिनं विचारलं, मला तिकडं जायचं हाय का? अक्का म्हणली, न्हाई, तपासणी करायची आन् घरी यायचं. पोरगी म्हणली, मग वेणी सैल घाल, दुखून राहिली.

पुण्याला तिघी गेलो. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, मुलीची आई कोण, आन् आमी दोघीबी उठलो. ती पोरगी एकदा हिच्याकडं बघते एकदा माझ्याकडं. सही मी केली, कागद तसा होता. पण एक्स-रेला आत जाताना पल्लवीनं गळ्यातली साखळी काढली ती अक्काच्या हातात दिली, माझ्याकडं बघितलंबी न्हाई. बराबरच हाय. मला तकलीफ झाली ती माझ्यापाशी. मी त्या कॉरिडॉरमधी किती येरझाऱ्या मारल्या असतील, शेवटी शिपाई म्हणला, मॅडम, बसा आता.

त्याच्यापुढं सात महिने काईच न्हाई. सात महिने मी नीट जेवले न्हाई, भांडी घासली तीच पुन्हा घासली, प्रेरणावर वरडले. कवा वाटायचं येऊ नये. खरं सांगते, वाटायचं अर्ज बाद व्हावा, म्हणजे त्या हक्काचा प्रश्नच मिटल. आन् दुसऱ्या घडीला फिरून मोबाईल.

आली परवानगी. पुढच्या महिन्यात निघायचं, तिघंजण. तिकडं पहिले म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम, मग तिथली परीक्षा, मग नर्स. पल्लवी म्हणली, काकू, तिथं बर्फाचा फोटो काढून धाडा, शाळेत दाखवायचाय. धाडीन म्हणलं. तिला चांगलं शिकू दे, अक्काला उदंड आयुष्य मिळू दे, मला दुसरं काई मागायचं न्हाई. मागितलं तर माझ्यासारखी हावरट मीच.

परवा गोरेगावला निरोप घ्यायला गेले. परवानगीचा कागद दाखवायला नेला. त्याच्यावर आमची चौघांची नावं एकाखाली एक हायेत, मी, मिलिंद, प्रेरणा, पल्लवी. तिच्या नावापुढं लिहिलंय, सोबत येणार न्हाई. शाळा न्हाई, आधार न्हाई, इथं कुठंच आमी चौघं एका कागदावर न्हाईत. अक्काला इंग्रजी येत न्हाई. तिनं बोट ठेवून विचारलं, हे पल्लवीचं नाव का? व्हय. मग आई म्हणून कोणाचं लिहिलंय? मी म्हणलं, अक्का, माझं. तिनं कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला, आन् म्हणली, तुझं नाव तिथं असू दे.