न केलेल्या गुन्ह्यावरची सही

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी जरा पुढं सरका. दमलेले दिसता... मीही दमलोय. या आठवड्यातलं हे चौथं गाव. आमचे मृदंगवाले बुवा तर आत्ताच डुलायला लागलेत, आणि ते काही नामाच्या गोडीनं डुलत नाहीत हो! असू द्या. लांबवत नाही. एकच विचारतो. देवापुढं उभं राहिलं की आपण काय म्हणतो? 'देवा, मी अपराधी, मला पदरात घे!' चांगलंच आहे. पण सांगा बरं, तेच वाक्य नाक्यावरच्या हवालदारापुढं म्हणावं का?

हसू नका. ऐका.

दिगंबर घोलप नावाचा एक माणूस. गाव त्याला दिगूतात्या म्हणतं. गळ्यात तुळशीची माळ, आणि हातात डायलिसिसच्या पेशंटांच्या गाडीचं स्टिअरिंग. आठवड्यातून तीनदा खेड्यांतले पेशंट गोळा करायचे, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे, मशीनवर रक्त साफ होईस्तोवर चार तास बाहेर बसायचं आणि परत घरी सोडायचे. अकरा वर्षं! सण असो, सुतक असो, त्या रक्ताला सुट्टी नाही.

आता या तात्याची एक खोड. कुणी आवाज चढवला की याचा पहिला शब्द 'चुकलं!' बायको रागावली — चुकलं! दुसऱ्याची मोटारसायकल येऊन याच्या उभ्या गाडीवर आपटली, तर हा खाली उतरून त्याच्याच पाया पडला. 'माऊली, चुकलं!' लोक म्हणायचे, काय हो नम्र माणूस! मीही म्हणायचो. माझंच चुकलं!

तर धुळवडीचा दिवस. सकाळचे अकरा. गाडीत तीन पेशंट. पुढच्या सीटवर नलूताई, कोर्टात बत्तीस वर्षं कारकुनी करून रिटायर झालेल्या. पाय सुजून भोपळ्यासारखे, दोन वाक्यं बोलल्या की धाप. आणि तात्याला आठ दिवसांचा खोकला. वैद्यांनी आसव दिलेलं. नाका दोन मिनिटांवर राहिला, तशी खोकल्याची उबळ आली. यानं गाडी कडेला घेतली, बाटलीची दोन झाकणं घशात ओतली आणि निघाला. आसव म्हणजे औषधच हो, पण ते मुरताना त्यात थोडं अल्कोहोल आपोआप तयार होतं. तात्याला हे कुठलं ठाऊक!

नाक्यावर इंगळे हवालदार. काच खाली झाली, वास आला. तात्याचे डोळे जागरणानं लाल.

"उतर खाली. फुंक यात."

आधीच्या माणसाच्या ओठांचा गुलाल अजून नळीवर होता. तात्यानं डोळे मिटून फुंकलं. आकडा आला अडतीस! कायद्याची हद्द तीस.

"प्यायलास?"

आणि तात्या काय म्हणाला असेल? म्हणा की तुम्हीच!

"चुकलं, साहेब!"

झालं! हवालदारानं कागद काढला आणि लिहिलं, 'मी मद्यप्राशन करून वाहन चालवीत होतो, हे मला कबूल आहे.' कागद बॉनेटवर ठेवला. "कर सही."

तात्या त्या आकड्याकडं बघत राहिला. यंत्र खोटं कशाला बोलेल? म्हणजे माळ बाटली का? एवढ्या वर्षांत थेंब नाही, आणि आज देवानं हे काय दाखवलं? लायसन जाईल. उद्या गाडी कोण चालवील? या तिघांना कोण नेईल? तरी त्यानं पेन घेतलं. कागद? वाचला नाही. साहेबानं लिहिलंय, आपण काय वाचायचं!

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. दमलेला, पण कोर्टातला.

"तात्या, पेन खाली ठेव."

"ताई, तुम्ही बसून राहा," हवालदार म्हणाला. "यानं स्वतः कबूल केलंय."

"तो पावसालासुद्धा चुकलं म्हणतो, इंगळे." ताईंनी त्याच्या छातीवरचं नाव वाचलं होतं. "फुंकायला सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. त्यानं नाही म्हटलं? नाही म्हणायचंही नसतं. पण नळी नवी लावा. आधी यंत्रावर शून्य त्याला दाखवा. आलेल्या आकड्याची चिठ्ठी द्या. आत्ताच औषध घेतलंय त्यानं, तोंडात राहिलंय तेच यंत्रात उतरलं. चूळ भरू द्या, वीस मिनिटं थांबा, मग घ्या. तरी पटलं नाही तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून रक्त तपासा. लांब जायला नको... आम्ही दवाखान्यातच चाललोय!"

हवालदार हसला नाही. टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं. "पहाटे पाचपासून उभा आहे, ताई. सकाळपासून नऊ जण सापडले, खरोखर प्यायलेले. नऊच्या नऊ जण हेच म्हणाले, 'चुकलं, साहेब.' मी कसं ओळखायचं?"

बघा मंडळी! काय चुकलं त्या हवालदाराचं? जो प्यायला त्याचा शब्द आणि जो नाही प्यायला त्याचाही शब्द तोच!

ताईंना धाप लागली. पुढचं त्यांना बोलवेना. त्या नुसत्या तात्याकडं बघत राहिल्या. आता दुसरं कोणी बोलणार नव्हतं, मंडळी. तात्यानं हात जोडले, मग सोडले.

"साहेब... मी प्यायलो नाही. खोकल्याचं आसव घेतलं, ही बघा बाटली. तुम्ही म्हणाल तेवढ्यांदा फुंकतो. पण या कागदावर सही करणार नाही. हे खरं नाही."

सोपं वाटलं? पन्नास वर्षांच्या माणसानं खाकी कपड्याला जन्मात पहिल्यांदा 'नाही' म्हटलं!

वीस मिनिटं. ऊन चढलेलं. हवालदारानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी चूळ भरायला दिलं. मागं एक पेशंट कण्हत होता. मग नवी नळी, शून्य दाखवलं, तात्यानं फुंकलं.

तीन.

हवालदारानं चिठ्ठी दिली, कागद फाडला. "औषध घेऊन लगेच स्टिअरिंगला बसत जाऊ नका, तात्या," एवढंच म्हणाला. खरंच बोलला! ते मात्र तात्याचं चुकलंच होतं, आणि तेवढंच चुकलं होतं. दवाखान्यात पोचायला अर्धा-पाऊण तास उशीर झाला. नलूताईंना मशीन मिळालं ते शेवटी, सगळ्यांचं आटोपल्यावर.

आता तुम्ही. हो, तुम्हीच! जो खरोखर पिऊन गाडी हाकतो, त्याला मी पळवाट सांगत नाही. त्यानं किल्ली घरच्यांच्या हातात द्यावी आणि चालत जावं. पण बाकीचे? साहेब दिसला की मान खाली, कागद दिसला की सही! नम्रता म्हणता त्याला? भीती आहे ती, तिच्या गळ्यात माळ घातलीय आपण. देव तुमचं मन बघतो, त्याच्यापुढं हवं तेवढं वाका. सरकारी कागद मन बघत नाही हो, सही बघतो!

म्हणा माझ्यामागं — वाचल्याशिवाय सही करणार नाही.

...आवाज नाही आला. दमलात, ठाऊक आहे. मीही दमलोय. पुन्हा म्हणा.