तळाला गेलेली टाकी

पंक्चर काढून घ्यायला आलेले मास्तर गॅरेजच्या बाकावर बसले होते. टायर एकच बसला होता, कान दोन्ही मोकळे होते. समोर एक जुनी मोटारसायकल, तिचा मालक आणि त्याची आई.

“चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाची घुरघुर यायला हवी. येतेय?”

“नाही, मिस्त्री. काल हायवेवर अशीच बंद पडली. मागून आलेला ट्रक हातभर अंतरावरून गेला.”

“अगं बाई! मला बोलला नाहीस!”

“तू जेवली नसतीस, आई.”

“टाकी कायम तळाला असते ना? पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असेल तरच गार राहतो. उघडा पडला की जळतो.”

“मी फुल्ल करतो हो! कुणीतरी चोरतं. त्या शेजाऱ्याला एकदा धरणारच आहे.”

“उगीच कुणाचं नाव घेऊ नकोस.”

“तुला बरी त्याची दया!”

“दादा, नवा पंप बसवल्यावर पुन्हा रस्त्यात नाही ना बंद पडणार?”

“टाकी भरलेली राहिली तर नाही, मावशी.”

“राहील. ती रबरी नळी आजच फेकून देते.”

“कुठली नळी, आई?”

“पेट्रोल नसलं की तू लांब जात नाहीस रे. संध्याकाळी घरी असतोस.”