हाडकुळं पुस्तक

दाबेच्या, टाळूवर जीभ वाजवत बोलायच्या बोलीचं पुस्तक त्याच्या नातीनं, खारूनं, छापून पाठवलं होतं. सोबतच्या पत्राला दाबेनं वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. आभाराचे शब्द त्याला तोकडे वाटत. आज नामिबियातल्या गोबाबिस गावच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या दोघी बोलत होत्या.

“नातवानं हरिण आणलं म्हणे?”

“हरिण कसलं! नुसती हाडं. म्हटलं, एवढ्यासाठी पाय झिजवलेस?”

“मग?”

“हसला मेला! म्हणाला, आजी, उद्या थोरलं आणतो.”

“आणि कौतुक केलं असतंस तर?”

“परक्यासारखं? रुसला असता गं!”

दुपारी दाबेनं पत्र लिहून टपालात टाकलं.

“पोरी, पुस्तक कसलं हे, नुसती हाडं! अर्धे शब्द माझ्याच तोंडात राहिलेत. लवकर ये, घेऊन जा.”