नखाएवढा फोटो

अक्षदा : मिशी याच्यापुढे काळी होणार नाही, बाबा. अजून काळी केली तर ओठावर झुरळ बसल्यासारखं दिसेल.

कुशाबा : दिसू दे. आणि केसांचं काय केलंस?

अक्षदा : केसांचं तुमचं आणि देवाचं कधीच ठरलंय. फोटोत जे नाहीच ते मी कुठून आणू?

कुशाबा : कॉम्प्युटर कशाला असतो मग? नाक्यावरचा बॅनर बघ जरा. भाऊंना काय दाट केस लावलेत! खाली पोरांची एवढी तोंडं, एकूण एक गोरं. आणि तू, पगार घेऊन हेच काम करणारी बाई, सख्ख्या बापाचं एक तोंड धड करीना.

अक्षदा : ऑफिसात क्लायंट पैसे देऊन छळतात. तुम्ही फुकट छळता, एवढाच फरक.

लक्ष्मी : अगो, जरा गोरे कर तेंका. तेलात तळून बघ व्हया तर.

कुशाबा : तू आतून बोलू नको. वडे थाप.

लक्ष्मी : थापतंयच मां. इतकी वर्सां थापतंय. लोकांका वाटता, तुमी थापतास.

अक्षदा : आई, तू नको सुरू होऊ. संध्याकाळपर्यंत हे चित्र ॲपवर चढवायचंय. उद्यापासून ऑर्डरी चालू. 'कुशाबांचे वडे, चिंचपोकळी.' नाव टाकलं, मेनू टाकला, अडलंय कशावर, तर बाबांच्या मिशीवर.

कुशाबा : अडणारच. लोक तोंड बघून खातात.

लक्ष्मी : म्हणानच धंदो वाढाक नाय इतकी वर्सां.

कुशाबा : अक्षदा, शर्टाचा रंग आकाशी घे. फोटो काढला त्या गणपतीत नवीन शिवला होता, खास वड्यांच्या स्टॉलसाठी.

अक्षदा : आकाशी तर आकाशी. फोटो काळापांढरा आहे, मला काय, जांभळा सांगितलात तरी फासेन. मंडळाच्या स्मरणिकेत कसले फोटो छापतात! अर्धी शाई मागच्या पानावर. आणि उभे कसे राहिलात बघा, कमरेवर हात, जसं काही लालबाग तुम्हीच वसवलंय.

कुशाबा : हा हात असा सुटा कसा हलतोय माझा?

अक्षदा : लेयर आहेत, बाबा. एकावर एक. खाली तुमच्याशिवायचा फोटो, त्याच्यावर कापून घेतलेले तुम्ही, त्याच्यावर शर्टाचा रंग, त्याच्यावर चेहऱ्याचा, सगळ्यांत वर मिशी. ज्याच्यासमोरचा हा डोळा बंद केला तो लेयर दिसत नाही. पण असतो तिथेच.

कुशाबा : म्हणजे घावण्यांच्या चळतीसारखं.

अक्षदा : तसंच समजा. आता बघा हं, खऱ्या साइझला आणते. ॲपवर एवढंच दिसणार. नखाएवढं.

कुशाबा : आणि मी कुठाय?

अक्षदा : हे काय. हेच तुम्ही.

कुशाबा : हे? हा ठिपका? अगं, मिशी कुठे गेली? दुपारपासून मिशी मिशी करतेस ती गेली कुठे?

लक्ष्मी : दाखव, दाखव. आवशी! ह्यो तर काळो वाटाणो. बरा झाला. वड्यांवांगडा उसळ फुकट.

कुशाबा : हसा. दोघी हसा. बापाचा वाटाणा झालाय, हसा.

अक्षदा : सॉरी बाबा, पण हे नाही चालणार. थांबा, तुमचा डोळा बंद करते.

कुशाबा : आं?

अक्षदा : तुमच्या सगळ्या लेयरचा हो. झालं. गेलात. आता बघा, कोपऱ्यात काय राहिलं. बांगड्या भरलेला एक हात, हातात झारा, झाऱ्यावर टम्म फुगलेला वडा. तेवढाच कोपरा कापून लहान केला तरी कळतंय ना? बस, हेच आपलं चित्र.

कुशाबा : 'कुशाबांचे वडे', आणि कुशाबा गुल? लोक काय म्हणतील, म्हातारा गेला वाटतं!

अक्षदा : नाव तुमचंच आहे की वर. एवढ्या एवढ्या चित्रात आईचा हात आला तर काय बिघडलं?

लक्ष्मी : कोणाचो हात?

अक्षदा : तुझा गं. स्मरणिकेतला. तू बघितला नाहीस कधी?

लक्ष्मी : माका कोणी दाखवल्यान? ह्यांनी पान कापून पाकिटात घातलेला. माझो हात इलो त्येच्यात?

कुशाबा : येणारच. मीच सांगितलं होतं फोटोवाल्याला, बायकोचा हात पण घ्या म्हणून. कोणी म्हणायला नको, कुशाबाने एकट्याने मिरवून घेतलं.

लक्ष्मी : उपकार झाले.

अक्षदा : हसतेयस ना? मी बघितलं हं.

लक्ष्मी : गप गो. त्यो बांगड्यो खयच्या रंगाच्यो करतलंस?

अक्षदा : विचार तुझ्या नवऱ्याला. बाबा, कुठल्या रंगाच्या होत्या?

कुशाबा : हिरव्या. विचारायचं काय त्यात? गौरी आल्या होत्या त्या दिवशी. ही नटूनथटून स्टॉलवर, डोक्यात गजरा, हातभर हिरव्या बांगड्या. माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे अजून.

लक्ष्मी : थांब. ह्या मोठा करून दाखव माका.

अक्षदा : पिठाचे हात स्क्रीनला नको लावू. हे घे, मोठं केलं.

लक्ष्मी : ह्यो सुंदराबायचो हात.

कुशाबा : काहीतरीच काय!

लक्ष्मी : ह्यो माझो हात नाय. मनगटार तेलान भाजल्याचो डाग खय हा? लग्नाच्या पयल्या वर्साचो डाग तो, अजून गेलो नाय. आणि बांगड्यो बघ, सगळ्यो मनगटार, पुढे. घाण्यार बसणारी बाई अशी बसात? पिठात माखतत त्यो. मी कोपरापर्यंत वर सरकवतंय, रोज बघतास मां? ही झारो धरून नुसती उभी रवलली बाई. सुंदराबाय.

अक्षदा : आपल्या शेजारच्या? अँटॉप हिलला लेकाकडे गेल्या त्या?

लक्ष्मी : तीच. आता आठवला, फोटोवालो इलो तेवा पीठ संपलेला. मी मळूक घराक इल्लंय. ह्यांका दम खय? तिका म्हणाले आसतले, वयनी, जरा झारो धरा.

अक्षदा : बाबा?

कुशाबा : म्हटलं असेन. तो फोटोवाला घाई करत होता. त्याला पुढच्या मंडळात जायचं होतं.

लक्ष्मी : गजरो, हिरव्यो बांगड्यो, सगळा आठवता ह्यांका. फक्त बाई दुसरी.

(आतल्या कढईतलं तेल चुरचुरतं.)

अक्षदा : पुसून टाकते, आई. दुसरं काहीतरी काढते.

लक्ष्मी : पुसतंस कित्या? बाई चांगली होती, माझ्या बाळंतपणात जेवण करून घातल्यान तिणा. ऱ्हवांदे. नाव ह्यांचा, हात तिचो, वडे माझे.

अक्षदा : आई...

लक्ष्मी : वायट वाटला गो. खोटा कित्या सांगू? तोंड नको होता माका. पण माका वाटला, हात तरी माझो आसतलो.

कुशाबा : अक्षदा, तुझा फोन दे.

अक्षदा : कशाला?

कुशाबा : दे म्हटलं ना. यात कॅमेरा कुठून चालू होतो? हे काय, हा मीच दिसतोय.

अक्षदा : उलटा झालाय. तिथे बोट लावा. हां. फिरला आता. कुठे निघालात?

कुशाबा : आत. लक्ष्मी, बस जागेवर. थाप.

लक्ष्मी : आता ह्यो काय नवीन खेळ? जावा भायर. तेल तापला हा.

कुशाबा : तापू दे. गोळा घे आणि थाप, रोज थापतेस तसा.

लक्ष्मी : हात पिठाचे आसत माझे.

कुशाबा : तेच पाहिजेत.

लक्ष्मी : बांगड्यो खाली घेव?

कुशाबा : नको. वरच राहू देत.

लक्ष्मी : आवो, वडो करपतलो.

कुशाबा : करपू दे एक.

अक्षदा : बाबा, बोट बाजूला घ्या, लेन्सवर बोट आहे तुमचं. हां, आता काढा. अजून एक. डाग दिसू दे मनगटाचा.

लक्ष्मी : डाग कित्या? तो रंग लावून झाक.

अक्षदा : नाही झाकणार. याच्यावर एकही लेयर नाही चढवणार मी. आहे तसाच जाईल.

कुशाबा : बघू. आला? लहान करून दाखव.

अक्षदा : हे बघा. नखाएवढा केला. हात, पीठ, वडा. सगळं कळतंय.

कुशाबा : हं.

लक्ष्मी : माझो ह्यो?

अक्षदा : तुझाच. आता राहिलं वरचं नाव. बाबा, 'कुशाबांचे' तसंच ठेवू की...

कुशाबा : नावाचं... नावाचं मग बघू. लोकांना सवय झालीय गं त्या नावाची.

लक्ष्मी : बघा, बघा सावकाश. मी खय जातंय? हयसरच आसंय.